मधल्या दाराची कडी

३ जानेवारी, शुक्रवार

कंपनीनं आज सगळ्यांना नवीन वर्षाच्या डायऱ्या वाटल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी कपाशीवरच्या एकेका किडीची माहिती छापलीय. आजच्या पानावर फुलकिडे आहेत. असू देत बिचारे. आज माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आहे (लग्नाचा दुसऱ्या नंबरवर गेला) आणि तो कुठंतरी लिहायलाच पाहिजे. आम्हाला खोली मिळाली!

आम्हाला म्हणजे मला आणि प्रितमला. लग्नाला आज चाळीस दिवस झाले. या चाळीस दिवसांत आम्ही दोघंच असे फक्त मोटारसायकलवर होतो. जाफराबादच्या अलीकडच्या गावातून रोज जालन्याच्या एमआयडीसीत यायचं. मला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत सोडायचं आणि त्यानं पुढं स्टील मिलच्या वजनकाट्यावर जायचं. घरी अकरा माणसं. त्यामुळं मनातलं जे काही बोलायचं ते हेल्मेटमधून ओरडून. "मला तू लई आवडतोस" हे मी एकदा फाट्यावर तीनदा ओरडले, कारण शेजारून सरकीचा ट्रक चालला होता. तिसऱ्यांदा ट्रकवाल्याला ऐकू गेलं, प्रितमला नाहीच.

खोल्या चार बघितल्या. तीन ठिकाणी आडनाव विचारलं. ऐकल्यावर एकाची खोली कालच गेली होती, दुसऱ्याकडं पाहुणे येणार होते, आणि तिसरीनं "आमच्यात अंडंसुद्धा चालत न्हाई" असं सांगितलं. आम्ही अंड्याचं नावही काढलं नव्हतं. चौथं घर काकासाहेब फदाटांचं. त्यांनी आडनाव ऐकलं, मान हलवली आणि एवढंच विचारलं, "दोघं कामाला जाता ना? मंग दिवसा खोली रिकामीच. या."

काका-काकू स्वतः याच घरात राहतात. गावाकडची थोडी जमीन विकून घर बांधलं, मुलगा पुण्याला. पुढं हॉल, मग त्यांची आतली खोली आणि स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं आमची खोली. आमचं एक दार अंगणात उघडतं आणि एक मधलं दार त्यांच्या स्वयंपाकघरात. प्रितमनं कराराचं विचारलं, तर काका म्हणाले, "कागदबिगद कशाला? मी हितंच राह्यतो. एका घरातली माणसं आपण." किती छान बोलले!

दार उघडं असलं की मी प्रितमला 'अहो' म्हणते, बंद असलं की 'प्रितम'. आज संध्याकाळपासून प्रितम, प्रितम, प्रितम.

५ जानेवारी, रविवार

मधल्या दाराला आमच्या बाजूनं कडी नाही.

हे कसं कळलं ते लिहिते आणि लिहिताना हसतेय, अक्षर हललं तर हलू दे. सकाळी प्रितम आंघोळ करून टॉवेल गुंडाळून नाचत होता. माझा नवरा सहा फूट उंच आणि काडीसारखा, म्हणून मी त्याला शेवगा म्हणते (फक्त बंद दाराआड). शेवगा एका पायावर गिरकी घेत होता तेवढ्यात मधलं दार उघडलं आणि उषाकाकू आत आल्या. टॉवेलनं जेमतेम इज्जत राखली. काकू त्याच्याकडं न बघता सरळ माळ्याकडं गेल्या, "पापडाचा डबा वर है माझा," म्हणाल्या, स्टुलावर चढल्या, डबा घेतला आणि गेल्या. नंतर कपड्यांचे चिमटे घ्यायला आल्या. नंतर आमचा गॅस नीट पेटतो का ते बघायला आल्या.

म्हणजे आता दार बंद असलं तरी प्रितम म्हणायचं का अहो, कळेना. मधलं काहीतरी शोधायला पाहिजे.

मोरीतला नळ ठिबकतो. टप, टप. आणि मला हुरडा खावासा वाटतोय, कोवळ्या ज्वारीचा, तिळाच्या चटणीशी. माहेरी असते तर एव्हाना भाऊ घेऊन आला असता. इथं कोण आणणार! डायरी उशीखाली ठेवते.

७ जानेवारी, मंगळवार

कामावरून आले तर नळ बंद! म्हणजे ठिबकायचा बंद. आणि पाच मिनिटांत उषाकाकू ताटलीभर हुरडा घेऊन हजर. तिळाच्या चटणीसकट! मी थक्क. "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाल्या, "पोरींना या दिवसात वाटतंच खावंसं." बाई मनकवडी आहे. मला सासूपेक्षा मालकीण चांगली मिळाली (हे प्रितमला दाखवायचं नाही).

एकच तक्रार आहे, तीही लिहून टाकते. पहाटे पाचला काकू मोबाईलवर भजनं लावतात ती थेट आमच्या उशीत वाजतात. प्रितम दिवसभर काट्यावर राबून येतो, त्याची झोप होते न होते तोच टाळ सुरू. तोंडावर कसं सांगणार? मोठ्या माणसाला देवाचं नाव घेऊ नका असं कसं म्हणायचं, तेही आम्ही!

९ जानेवारी, गुरुवार

भजनं बंद!! आज पहाटे काहीच वाजलं नाही. मी प्रितमला म्हटलं, "मोबाईल बिघडला असणार." तो म्हणाला, "नशीब बिघडलं म्हण भजनाचं."

आज आणखी एक गंमत. प्रितमची गाडी फाटकाशी थांबल्याबरोबर काकू अंगणातून ओरडल्या, "सुमेधा, शेवगा आला बघ तुझा!" मी लाजून पाणी पाणी. पण विचार केला तर उंच पोराला शेवगा म्हणणारच ना कुणीही. मलाच वाटत होतं तो शब्द माझा एकटीचा आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

आज राग आलाय.

संध्याकाळी आले तर आमची खुर्ची खिडकीशी ओढलेली. खुर्चीखाली चहाचा कप, आमचा नाही, त्यांचा. पलंगावरची चादर मी टाकते त्यापेक्षा सरळ. म्हणजे आम्ही कामावर गेलो की काकू आमच्या खोलीत येऊन बसतात! काय बघतात? काय शोधतात? माझ्या पेटीत दोन साड्या, लग्नाचा अल्बम आणि बीएस्सीच्या नोट्स, बस. तरी अंगावर काटा आला. मी दिवसभर शंभर शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवते, किती उगवले ते मोजते. एकही दाणा इकडचा तिकडं झाला तर मला कळतं. मग स्वतःच्या खोलीतली खुर्ची हललेली कळणार नाही?

प्रितम सरळ हॉलात गेला. मी मधल्या दाराशी उभी राहून ऐकत होते (आता आम्हीही तेच करायला लागलो).

"काका, त्या दाराला आमच्या बाजूनं एक कडी बसवून घेऊ का? खर्चा माझा."

"कडी? कशापायी?"

"कसं आहे, कुणी एकदम आत आलं की..."

"कुणी म्हंजे कोण? चोर येतेत का? आम्हीच येतो. माझ्या घरात मलाच कडी लावता का?"

प्रितम परत आला, कान लाल. आम्ही दाराला खुर्ची टेकवून ठेवली. मग एकमेकांकडं बघितलं आणि हसूच आलं. लग्नानंतरची आमची पहिली मोठी लढाई, आणि ती कुणाशी, तर एका दाराशी.

११ जानेवारी, शनिवार

पायल माझ्या शेजारच्या टेबलावर सोयाबीन मोजते. तिचा भाऊ वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चहाच्या सुट्टीत तिनं त्याला फोन लावून माझ्या कानाशी धरला आणि मी डब्याच्या झाकणावर मार्करनं सगळं लिहून घेतलं. इथं नीट उतरवते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५. करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे. नोंदवायची जबाबदारी मालकाची! नाही नोंदवला तर शिक्षा मालकाला. आणि भांडण झालं तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरतात, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. कलम २९. पाणी, वीज मालकाला मनात आलं म्हणून तोडता येत नाही. मी विचारलं, "मालक त्याच घरात राहत असला तरी?" तो म्हणाला, "वहिनी, घर एक असलं तरी तुमची खोली तुमची. कराराची मुदत संपली की मात्र निघावं लागतं, ते ध्यानात ठेवा. आणि कडीचं असं काही कलम नाही बरं का. ते करारात लिहून घ्यायचं."

मी उड्या मारत टेबलाशी आले आणि त्याच भरात कपाशीचे दाणे दोनदा मोजले. दोन्ही वेळा वेगळे भरले.

१३ जानेवारी, सोमवार

चक्रावले आहे.

मी कुणाला काही बोलले नव्हते. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, संक्रांत झाली की शांतपणे विषय काढू. आणि आज संध्याकाळी काका टाकीपाशी उभे राहून मला ऐकवतात, "ते तुमचं कलम पंचावन्न आम्हालाबी ठावं है!" माझ्या हातातली बादली सुटली. यांना कुठून ठावं? नात्यात वकील असणार.

"काका, मी तर अजून काहीच..."

"बोलायची गरजच काय? मी भल्या मनानं खोली दिली आन तुमी मला तुरुंग दाखवता? आठ दिवसांत खोली खाली करा. इकतीस वर्सं संसार केला, हिनं मला उलटं बोललेलं न्हाई. आता तुमच्या नादानं बोलून राह्यली."

शेवटचं वाक्य मला कळलंच नाही. काकू आमच्या नादानं का बोलतील? त्यांच्याशी मी हुरड्यापलीकडं बोलले नाही.

पुन्हा चार घरं, पुन्हा आडनाव, पुन्हा 'कालच गेली'. प्रितम म्हणतो, वेळ आलीच तर पुन्हा हेल्मेटमध्ये बोलू. मी हसले आणि हेल्मेट कुठं ठेवलंय ते बघून आले.

उद्या संक्रांत. काकूंकडं हळदी-कुंकू आहे, बोलावतील की नाही कोण जाणे. बोलावलं तर जाईन, पण कुंकू लावून घेणार नाही. आईनं कधी लावलं नाही, मीही नाही. तिळगुळाशी माझं काही भांडण नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

मधल्या दारात काकू उभ्या, नवी साडी, हातात तिळगुळाची वाटी. "चल. कुंकवाचं तुझी मर्जी, तिळगूळ तर घेशील?" शब्दन् शब्द माझ्या मनातला! मनकवडी नाही तर काय.

मी गेले. मी केलेली तांदळाची खीर घेऊन गेले. आई नेहमी सांगते, आपण दिलेलं कोण खातं आणि कोण नुसतं ठेवून घेतं ते बघत जा. मी बघत होते. हॉलात आठ-दहा बायका, समोरच्या मालनबाईंनी माझ्याकडं एकदा आणि वाटीकडं दोनदा बघितलं. काकूंनी वाटी घेतली आणि सगळ्यांसमोर तिथंच चमच्यानं खायला लागल्या. "वेलची जास्ती झाली," म्हणाल्या, आणि संपवली.

मी त्यांच्यावर रागावले आहे. मग मला एवढं भरून का आलं?

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी नळाला पाणी नाही. काकांनी आमच्याकडचा व्हॉल्व बंद केला. मी 'कलम एकोणतीस' म्हणायला तोंड उघडते तोच मधलं दार उघडलं आणि काकूंनी दोन भरलेल्या बादल्या आत सरकवल्या. मग आणखी दोन. हॉलातून काका विचारत होते, "काय आवाज येऊन राह्यला?" काकू म्हणाल्या, "भांडे घासून राह्यले." प्रितम आंघोळ करताना तोंड दाबून हसत होता.

१६ जानेवारी, गुरुवार

आठ दिवस नेमके कधी संपतात ते मोजायला सोमवारचं पान उघडलं. पानाच्या कडेला लाल ठसा. कुंकवाचा. अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसतायत.

मी कुंकू लावत नाही. प्रितम तर नाहीच नाही.

मी सगळी पानं मागं उलटत गेले. नळ. हुरडा. भजनं. शेवगा. कलम पंचावन्न. कुंकू.

मनकवडी!

कान तापलेत. इथं काय काय लिहिलंय मी. ते सासूबद्दलचं वाक्य. ट्रकवाला. टॉवेल!

१७ जानेवारी, शुक्रवार

डोकं दुखतंय सांगून जेवणाच्या सुट्टीत निघाले. रिक्षा कोपऱ्यावर सोडली आणि चपला हातात घेऊन अंगणातून खिडकीशी आले. आतून आवाज येत होता. कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं, अक्षराला अक्षर जोडून, दुसरीतल्या पोरीसारखं.

"शे-शेवगा ए-का पाया-वर गिर-की घेत व्हता..."

आणि मग हसू. एकटंच, पोट धरून हसलेलं हसू.

मी ठरवून आले होते की ओरडायचं. दार उघडलं. काकू खिडकीतल्या उन्हात आमच्या खुर्चीवर, मांडीवर डायरी, ओळीखाली बोट. मला बघून उठल्या, डायरी छातीशी धरली.

"लवकर आलीस गं. जेवलीस का?"

"काकू, ती माझी डायरी आहे."

"होय."

"माझी. माझ्या उशीखालची."

"होय बाई. खोटं कशाला बोलू."

"का वाचली?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "पांघरुणाची घडी घालाया आल्ते. उशीखाली दिसली. तुझं अक्षर मोठं, बराबर लागलं मला. पेपरातलं बारीक न्हाई लागत. चौथीनंतर एवढं सलग कधी वाचलंच न्हवतं मी. आन मंग पुढं काय झालं ते कळाया पायजेल ना?"

"आणि खोलीत कशाला येता रोज?"

"मी बसू कुठं?" त्या एकदम म्हणाल्या. "हॉलात हे टीव्ही लावून बसतेत. आतल्या खोलीत सोयाबीनची पोती. सैपाकघरात ओटा है, त्याच्यासमोर उभं ऱ्हायचं. तुमी गेले की हितं ऊन येतं. कुणी आवाज देत न्हाई. तासभर बसते आन जाते."

मला वाईट वाटलं आणि राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी. मला वाटायचं, एक आलं की दुसरं जातं.

"काकू, तुम्ही विचारलं असतं तर खुर्चीच काय, पुस्तकंही आणून दिली असती. पण विचारायला पाहिजे होतं."

"विचारायची सवय न्हाई मला. मला विचारून कुणी कधी आत आलं न्हाई, मी कुणाला विचारून गेले न्हाई."

"आणि कलम पंचावन्न काकांना तुम्हीच सांगितलं?"

"मीच. म्हणलं पोरगी कायद्यानं बोलून राह्यली, कागद करून टाका, कडी बसवून द्या. तर मलाच म्हणले, भाडेकरणीकडून कायदा शिकली का?" मग डायरी माझ्यासमोर धरली. "घे. पुन्हा हात लावणार न्हाई. शपथ घालू नको, तशीच लावणार न्हाई."

मी घेतली. दारापर्यंत गेलेल्या काकू वळल्या आणि म्हणाल्या, "त्या ट्रकवाल्याचं लई भारी लिहिलंस."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. नाही जमलं.

१९ जानेवारी, रविवार

काकूंनी काल काकांना सांगितलं, हे दोघं गेले तर मी पण पुण्याला पोराकडं जाते. काका दिवसभर हॉल आणि अंगण अशा चकरा मारत होते. दुपारी प्रितम गेला आणि फार नम्रपणे कलम वाचून दाखवलं, शिक्षेसकट. काका चकरा मारायचे थांबले. मग म्हणाले, "करू कागद. उद्याच करू. पण अटी माझ्या. मुदत एक महिना. कडी बसणार न्हाई. मालक कवाबी आत येईल. लिहून घ्या."

म्हणजे नोंदवलेला, कायदेशीर, शिक्का मारलेला असा कागद, आणि त्यात लिहिलेलं की आम्हाला दार नाही. कायद्यानं हे असंही होऊ शकतं हे पायलच्या भावानं सांगितलं नव्हतं. मी लढून स्वतःसाठीच खड्डा खणला की काय?

२० जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते.

आम्ही चौघं तहसीलजवळच्या कल्याणदादांच्या दुकानात गेलो. ते संगणकावर भाडेकरार नोंदवून देतात, अंगठा मशीनवर तिथंच घेतात. काका मधल्या खुर्चीवर ऐसपैस बसले, काकू मागं उभ्या.

"मालक कोण?"

"मी."

"घरपट्टीची पावती द्या."

काकांनी पिशवीतून पावती काढून दिली. कल्याणदादांनी ती वाचली, काकांकडं बघितलं, पुन्हा वाचली.

"काका, याच्यावर तर मालक म्हणून उषाबाई काकासाहेब फदाट है."

"ते नुसतं नाव है हो. बायकांच्या नावानं प्लॉट घेतला की खर्चा कमी लागत होता."

"नुसतं नावच लागतं काका. अंगठा त्यांचाच चालतोय."

मागून काकूंचा आवाज आला. "कोणती उषाबाई?"

"तुम्हीच की काकू!" मी जवळजवळ किंचाळले.

त्यांनी पावती हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली, बोट ठेवलं. "उ-षा-बा-ई." मग काकांकडं वळल्या. "ते नवी साडी नेसून चल म्हणलं होतं, सही घेतली, मंग उसाचा रस पाजला. ते हे होतं का? मला वाटलं, रस प्यायलाच नेलं मला."

काका खुर्चीवरून उठले. उठायला कुणी सांगितलं नव्हतं. काकू बसल्या.

"मालकीणबाई, मुदत किती टाकू?" कल्याणदादांचा आवाजही बदलला होता.

"लोक किती टाकतेत?"

"अकरा महिने."

"टाका. ते झाले की पुन्हा येतो."

"कडीचं काय म्हणत होते?"

"मधल्या दाराला यांच्या बाजूनं कडी बसवायची. मालकिणीच्या खर्चानं." त्या थांबल्या. मग बोट वर करून सांगायला लागल्या, जणू आयुष्यभर तेच करत आल्यात. "आन लिहा. मालकिणीनं खोलीत जायच्या आधी दार वाजवावं. आतून हो म्हणले तरच जावं. पाणी तोडू नये. दिवसा भाडेकरू कामावर असतील तवा खुर्ची..." माझ्याकडं बघितलं.

"शनिवारी," मी म्हटलं. "शनिवारी मी अर्धा दिवस घरी असते. तेव्हा या. मी असताना."

"लिहा, शनिवारी."

"आन माझं?" काका हळूच म्हणाले. "माझं काय लिहिता?"

कल्याणदादांनी यादी बघितली. "साक्षीदार कमी पडून राह्यला एक. तुम्ही होता का?"

काकासाहेब फदाटांनी साक्षीदार म्हणून अंगठा दिला. मशीननं तीनदा नाकारला. चौथ्यांदा प्रितमनं त्यांचं बोट रुमालानं पुसून दिलं, तेव्हा कुठं घेतला.

बाहेर आलो तर काका रस्त्याकडं बघत उभे. वाटलं आता भडकणार. ते घसा खाकरून म्हणाले, "रस घेता का कोणी?" काकू म्हणाल्या, "घेऊ. पण या वेळी मी का पिऊन राह्यले ते मला ठावं है." आणि मला असं हसू सुटलं की रस नाकातून आला. प्रितमनं पाठ थोपटली. भर रस्त्यात मी त्याला 'प्रितम' म्हणून हाक मारली, सगळ्यांदेखत. कुणाला काही वाटलं नाही. मलाच वाटलं, आणि छान वाटलं.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी सुताराकडून कडी बसली. प्रितमला आज सुट्टी, त्यानं ती वीस-बावीस वेळा लावून काढून बघितली. लावली की प्रितम, काढली की अहो.

मी दुपारी कामावरून आले, जेवले, आणि तीन वाजता मधलं दार वाजलं. टक टक. इतक्या हळू की आधी उंदीर वाटला.

"कोण?" मी विचारलं.

"मालकीण."

मी लगेच उठले, आणि मग थांबले. का ते सांगता येत नाही. अंगातून एक शिरशिरी गेली आणि मी म्हणाले, "थांबा!"

पलीकडं शांत. मी खोलीच्या मधोमध उभी. काही करत नव्हते. केस बांधायचे नव्हते, काही झाकायचं नव्हतं, आवरायचं नव्हतं. नुसती उभी होते आणि दार बंद होतं, कारण मी थांबा म्हटलं होतं. प्रितम पलंगावरून माझ्याकडं बघत होता, हिला काय झालं अशा नजरेनं. दहापर्यंत मोजलं आणि कडी काढली.

काकू दारात उभ्या, तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"मजा वाटली का?"

"लई!"

"मला कळलं ते. भायेर उभं राहून कळलं." त्या आत यायला निघाल्या, मग पाऊल मागं घेतलं. डोळे चमकले. "मी आज नंतर बसते. आधी तू वाजव."

"म्हणजे?"

"मी माझ्या बाजूची कडी लावते. हॉलाकडचं दारबी लावून घेते. तू वाजव."

दार बंद झालं. पलीकडून कडी लागल्याचा आवाज आला, मग लांब कुठंतरी दुसरं दार लागल्याचा. मी तोंडावर हात दाबून थोडं थांबले, मग वाजवलं.

"कोण है?"

"सुमेधा. भाडेकरीण."

"थांब!"

असा खणखणीत आवाज मी काकूंचा कधी ऐकला नव्हता. मी थांबले. आत आधी हसण्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा, मग काहीच नाही.

"उघडलं का?" प्रितमनं विचारलं.

"न्हाई अजून."

"पुन्हा वाजव."

"थांब म्हणाल्यात ना त्या. थांबायला पाहिजे."

मी दाराला पाठ टेकून खाली बसले. पाच मिनिटं झाली, जास्तच. ऊन सरकत सरकत खुर्चीपर्यंत आलं. मग पलीकडून, लांबून, हॉलाकडच्या दारावर थाप पडली आणि काकांचा आवाज आला, "अगं, चहाचं काय?"

आणि माझ्या पाठीमागून, अगदी दाराला लागून, पहिल्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आलं, "थांबा म्हणलं ना!"